‘खेळावर ॲडमिशन’ : अमेरिकेतल्या एका दाराचा इतिहास आणि आपल्या पालकांसाठी चार गोष्टी

पोस्ट लांब आहे. निवांत वेळ काढा, पण पूर्ण वाचा.

सध्या आपल्या भागातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘अमेरिकेतल्या टॉपच्या विद्यापीठांत मार्कांपेक्षा खेळाला महत्त्व. मुलांना आत्तापासून योग्य खेळात घाला.’ खाली कुणातरी कन्सल्टंटचा नंबर. गेल्या आठवड्यात तिघांनी मला विचारलं, ‘दादा, हे खरं आहे का हो?’

खरं आहे. म्हणूनच तर लिहायला बसलो. सगळंच खोटं असतं तर दोन ओळींत विषय संपला असता. खेळामुळे तिथे प्रवेशाची शक्यता वाढते, आणि थोडीथोडकी नाही वाढत. पण कुणाची वाढते, कुठल्या खेळाने वाढते आणि त्याआधी घरातून किती पैसा गेलेला असतो, हे त्या मेसेजमध्ये नाही. ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

ऑगस्ट १८५२. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या विनिपेसॉकी तलावावर हार्वर्ड आणि येल या दोन कॉलेजांच्या पोरांची होड्या वल्हवण्याची शर्यत झाली. अमेरिकेत दोन कॉलेजांमध्ये झालेली ही पहिली क्रीडास्पर्धा मानतात. ही शर्यत कॉलेजांनी भरवलेली नव्हती, त्यामागे एक रेल्वे कंपनी होती. त्या भागात तिची लाईन गेली होती आणि प्रवासी हवे होते. म्हणून कंपनीने पोरांचा जाण्यायेण्याचा, राहण्याखाण्याचा खर्च उचलला. हार्वर्ड जिंकलं. तीन वर्षांनी पुन्हा शर्यत ठरली, तेव्हा हार्वर्डच्या होडीचं सुकाणू धरायला जो गडी बसला होता, तो पदवी घेऊन कॉलेजातून बाहेर पडलेला होता!

आपल्याकडे कबड्डीच्या स्पर्धेत ‘बाहेरचा गडी घेतला’ म्हणून भांडण होतं ना, तेच हे. म्हणजे ‘हा खेळाडू खरंच इथला विद्यार्थी आहे का?’ हा प्रश्न तिथे दुसऱ्याच शर्यतीत उभा राहिला. तो आजतागायत बसलेला नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत फुटबॉल आला. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही, तिकडचा अंगावर धावून जाणारा. शनिवारी मैदानं भरायला लागली, तिकिटांचा पैसा यायला लागला, आणि जिंकणाऱ्या पोरांना शोधून आणण्याची स्पर्धा लागली. १९०४ साली येलच्या संघाचा कप्तान होता जेम्स होगन. आयर्लंडमध्ये जन्मलेला, पंचविशी ओलांडलेला गडी. त्याला फी माफ, राहायला चांगल्या खोल्या, क्यूबाची सहल, आणि वर कॉलेजच्या परिसरात एका तंबाखू कंपनीच्या सिगारेटींची एजन्सी! विकलेल्या पाकिटामागे कमिशन. १९०५ मध्ये एका मासिकाने हे सगळं छापलं तेव्हा बोंबाबोंब झाली.

त्याच वर्षी फुटबॉलच्या मैदानावर मेलेल्या पोरांचा आकडा १८ च्या घरात गेला. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनच्या लोकांना व्हाईट हाऊसमध्ये बोलावून घेतलं. त्या गदारोळातून १९०६ मध्ये एक संघटना उभी राहिली. १९१० पासून तिचं नाव एनसीएए. अमेरिकेतले कॉलेजचे खेळ आजही हीच संघटना चालवते.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. होगनसारखी जी पोरं टेबलाखालून आणली जात होती, त्यात गरीब घरची, नुकतीच अमेरिकेत आलेल्या कुटुंबांतली पोरं होती. नियम मोडले जात होते हे खरं. पण त्या मोडलेल्या नियमांतून एखादा कष्टकऱ्याचा पोरगा येलमध्ये शिरत होता, हेही खरं.

१९२० नंतर गोष्टीला वेगळंच वळण लागलं. तोवर हार्वर्डचा प्रवेश बराचसा परीक्षेवर होता. पेपर सोडवा, आत या. झालं काय, की पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली पोरं भराभर पास व्हायला लागली. १९२२ च्या आसपास हार्वर्डच्या नव्या वर्गात त्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं. तेव्हाचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांना ते खुपलं. त्यांनी उघड कोटा लावायचा घाट घातला, त्यावर गदारोळ झाला, माघार घ्यावी लागली. मग दुसरी वाट काढली. १९२६ पासून वर्गाची संख्या बांधून टाकली आणि निवडीत मार्कांबरोबर ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘नेतृत्व’ असले निकष आणले. अर्जाबरोबर फोटो मागायला सुरुवात झाली. ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण खाली आलं. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्सटनच्या जुन्या फायली उपसून यावर जाडजूड पुस्तक लिहिलंय.

यात खेळाचा काय संबंध? संबंध असा, की ‘चारित्र्य’ मोजायचं कशात? त्या काळच्या समजुतीप्रमाणे मैदानावर. जो अभिजन शाळेत शिकला, होडी वल्हवली, फुटबॉल खेळला, तो ‘मर्द’, तो ‘नेता’. जो रात्रभर अभ्यास करून पहिला आला, तो नुसता ‘पुस्तकी किडा’. अभ्यास आणि खेळ दोन्ही हवेत, हे वाक्य ऐकायला किती छान वाटतं. आपणही पोरांना तेच सांगतो. पण ते वाक्य प्रवेशाच्या टेबलावर कुणाला बाहेर ठेवायला वापरलं गेलं, हे माहिती असावं.

१९२९ च्या ऑक्टोबरात, म्हणजे ज्या महिन्यात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला त्याच महिन्यात, कार्नेगी फाउंडेशनचा अहवाल आला. त्यांनी ११२ कॉलेजं तपासली होती. त्यातली ८१ कॉलेजं खेळाडूंना या ना त्या मार्गाने पैसे, नोकऱ्या, सवलती देताना सापडली. अहवाल गाजला आणि कपाटात गेला. आपल्याकडच्या चौकशी अहवालांचं होतं तसंच.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाटा फुटल्या. १९५६ मध्ये एनसीएएने खेळाडूंना सरळ शिष्यवृत्ती द्यायला मान्यता दिली. मोठ्या सरकारी विद्यापीठांनी तो रस्ता धरला. फुटबॉल, बास्केटबॉल, भरलेली स्टेडियम्स, टीव्हीचा पैसा. या रस्त्याने हजारो गरीब आणि कृष्णवर्णीय पोरं कॉलेजात पोचली. त्यातल्या किती जणांच्या हातात खरंच पदवी पडली हा वेगळा वाद, पण पोचली.

हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राऊन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया या आठ जणांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी १९४५ मध्ये फुटबॉलपुरता आणि १९५४ मध्ये सगळ्या खेळांसाठी करार केला, की खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. यालाच आयव्ही लीग म्हणतात. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ ‘सगळ्यात हुशार मुलांची विद्यापीठं’ असा झालाय. कागदोपत्री ती एक क्रीडा लीग आहे!

पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर चांगला खेळाडू ओढायला या आठ जणांकडे उरलं काय? सीट. जगात सगळ्यात अवघड मानली जाणारी ॲडमिशन हेच त्यांचं बक्षीस झालं.

ही पद्धत चालते कशी, ते बघा. प्रत्येक संघाच्या कोचला आपल्या पसंतीची ठराविक नावं प्रवेश कार्यालयाकडे देता येतात. कोच दोन-तीन वर्षं आधीपासून मुलं हेरतो, स्पर्धा बघतो, व्हिडिओ मागवतो. मुलाचे मार्क प्रवेश कार्यालयाला आधीच दाखवून ‘चालेल का?’ विचारून घेतो. सगळं जमलं तर बाकीच्या मुलांचा निकाल लागायच्या कितीतरी महिने आधी या मुलाच्या घरी ‘तुमचा प्रवेश होण्याची दाट शक्यता आहे’ अशा अर्थाचं पत्र येतं. अगदीच ढ मुलगा घुसू नये म्हणून १९८० च्या दशकात या आठ जणांनी मार्कांचा एक निर्देशांक काढला. खेळाडूंची सरासरी बाकी विद्यार्थ्यांच्या फार खाली जाता कामा नये, असा तो नियम.

आता फायदा किती, ते आकड्यांत. प्रिन्सटनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन आणि जेम्स शुलमन यांनी ३० निवडक कॉलेजांची माहिती तपासून २००१ मध्ये पुस्तक लिहिलं. शिष्यवृत्ती न देणाऱ्या एका प्रातिनिधिक कॉलेजात १९९९ साली काय दिसलं? प्रवेश परीक्षेचे मार्क सारखे असताना कोचच्या यादीतल्या मुलाची प्रवेशाची शक्यता इतर मुलांपेक्षा ४८ टक्के-गुणांनी जास्त होती, मुलीची ५३ टक्के-गुणांनी. माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना मिळणारा फायदा याच्या निम्म्याच्या आसपास, आणि ज्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या सवलतीवरून अमेरिकेत इतकी वर्षं रान पेटलं, त्यांचा त्याहूनही कमी.

डोकं चालणारी कॉलेजंही होती. पेनसिल्व्हेनियातलं स्वार्थमोर कॉलेज, जेमतेम दीड हजार विद्यार्थी. इतक्या लहान कॉलेजात फुटबॉलचा संघ भरायचा म्हणजे वर्गातल्या किती जागा त्यात जाणार? डिसेंबर २००० मध्ये त्यांनी फुटबॉल बंदच करून टाकला. माजी विद्यार्थी भडकले. कॉलेज मागे हटलं नाही.

हार्वर्डचं अंतरंग मात्र उघडं पडलं ते कोर्टात. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो म्हणून हार्वर्डवर खटला झाला, २०१८ मध्ये सुनावणी झाली आणि प्रवेशाचे आकडे बाहेर आले. अर्ज करणाऱ्यांत कोचने निवडलेले खेळाडू १ टक्क्याहून कमी, प्रवेश मिळालेल्यांत १० टक्क्यांहून जास्त. खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांच्या आसपास आत. सगळ्या अर्जदारांचा दर त्या काळात जेमतेम ६ टक्के.

८६ टक्क्यांचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. ज्याचं जमणार नाही त्याला कोच आधीच सांगतो, ‘बाबा, अर्ज करू नकोस.’ गाळणी आधीच लागलेली असते. आकडा गाळून उरलेल्यांचा आहे.

त्याच कागदांवरून अर्थतज्ज्ञांनी आणखी एक हिशोब काढला. खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं आणि देणगीदारांच्या वगैरे खास यादीतली मुलं, असे चार गट एकत्र धरले तर प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त या चारपैकी कुठल्यातरी दारातून आले होते. कृष्णवर्णीय, आशियाई आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आत. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश बघणं बंद केलं. कोचची यादी तिथेच राहिली.

का बरं असं? कारण खेळांची यादी बघा. हार्वर्डचे ४२ अधिकृत संघ आहेत. त्यात फुटबॉल, बास्केटबॉल आहेच, पण रोइंग आहे, शिडाच्या होड्या आहेत, स्क्वॉश, तलवारबाजी, वॉटर पोलो, गोल्फ आहे. अमेरिकेतल्या सरकारी शाळेत शिकणाऱ्या मजुराच्या पोराने शिडाची होडी शिकायची कुठे? २०२३ मध्ये हार्वर्डच्याच राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. प्रवेश परीक्षेत सारखेच मार्क असताना सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांची या बड्या विद्यापीठांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त. प्रवेशाच्या टेबलावर श्रीमंतांना मिळणाऱ्या या फायद्यातला सुमारे एक चतुर्थांश वाटा खेळाडूंच्या भरतीचा.

आता होगन आठवा. टेबलाखालचा व्यवहार होता तेव्हा गरीब पोरगा येत होता. सगळं नियमात, स्वच्छ, ‘हौशी’ झालं, तेव्हा त्याच दारातून श्रीमंतांची पोरं यायला लागली. खेळाचं कौतुक कमी झालं नाही. खेळ कुठला आणि तो खेळायला लागतं काय, हे बदललं.

आणि जिथे एका माणसाच्या सहीला एवढी किंमत येते, तिथे दलाल येणारच. १२ मार्च २०१९ ला अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने एक प्रकरण उघड केलं, पहिल्या फटक्यात ५० आरोपी. सूत्रधार विल्यम ‘रिक’ सिंगर, प्रवेश सल्लागार. तो पालकांना सांगायचा, समोरचं दार म्हणजे स्वतःच्या हिमतीवर, मागचं दार म्हणजे विद्यापीठाला भलीमोठी देणगी, आणि मी तयार केलंय बाजूचं दार. या बाजूच्या दाराचा एक मोठा रस्ता मैदानावरून जात होता. कोचला पैसे चारायचे, आणि कधी तो खेळ खेळलेलाच नाही अशा मुलाला खेळाडू म्हणून यादीत घालायचं. खोटे पराक्रम लिहायचे, खोटे फोटो काढायचे. एका अभिनेत्रीच्या मुलींचे व्यायामाच्या रोइंग मशीनवर बसवून फोटो काढले होते, त्या नौकानयनपटू आहेत असं दाखवायला. त्या कुटुंबाने पाच लाख डॉलर मोजले होते. येलच्या मुलींच्या सॉकर संघाच्या कोचने एका बनावट खेळाडूसाठी चार लाख डॉलर घेतले. सिंगरकडे काही वर्षांत पालकांकडून अडीच कोटी डॉलरच्या वर रक्कम जमा झाली. २०२३ च्या जानेवारीत त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे : त्याने परीक्षेतली कॉपीही करवली होती, पण परीक्षेत हेराफेरी करायला जागा शोधावी लागते, माणसं बसवावी लागतात. खेळाच्या यादीत कोचचा शब्दच पुरत होता. तो शब्द तपासून बघायची सोय फार थोड्या ठिकाणी होती.

आता आपल्याकडे येऊ. यात आपला संबंध काही उगाच ओढलेला नाही.

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात ट्रिनिटी नावाचं छोटं कॉलेज आहे. त्यांच्या स्क्वॉश संघाने १९९८ ते २०१२ या काळात सलग २५२ सामने जिंकले. कोच पॉल असायंटे यांनी जगभरातून पोरं गोळा केली होती, त्यात भारतातली, आपल्या मुंबईतलीही होती. गुणी पोरं, वाद नाही. पण मुंबईत स्क्वॉशचं कोर्ट बहुतेक ठिकाणी क्लबात किंवा जिमखान्यात असतं, हे तुम्हा-आम्हाला माहिती आहे. आपल्या तालुक्यात एक तरी आहे का? म्हणजे मेसेजमधला ‘योग्य खेळ’ हा असा असतो. कोचिंग, परदेशी स्पर्धा, विमानाची तिकिटं, रँकिंग. एवढं करून त्या वर्षी त्या कोचला त्याच जागेवरचा खेळाडू हवा असला तर. तुमची पोरगी गावच्या मैदानावर कबड्डीत कितीही भारी असली, तरी हार्वर्डला कबड्डीचा संघ नाही.

आपल्याकडेही आता दार उघडतंय. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. पण तिथे आधी जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत यावं लागतं, आणि गेल्या चार वर्षांतलं राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचं पदक लागतं. कुणा एका कोचच्या पसंतीवर सोडलेलं नाही, हे मला बरं वाटलं. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. हे असायलाच हवं. पहाटे पाचला अनवाणी ग्राउंडवर येणारी पोरं मी रोज बघतो. पोलीस भरतीचं स्वप्न, पायात फाटके बूट, पोटात चहा-बिस्किट. त्यांच्यासाठी हे ५ टक्के म्हणजे सगळं आयुष्य आहे.

आणि याच ५ टक्क्यांत काही वर्षांपूर्वी बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आली. गुन्हे दाखल झाले. कधी मैदानावर न उतरलेले लोक खेळाडू म्हणून नोकरीला लागले होते. रोइंग मशीनवरचा फोटो आणि आपल्याकडचं विकत घेतलेलं प्रमाणपत्र, फरक फक्त रकमेचा. तिकडे बळी गेला त्याला दुसरं चांगलं कॉलेज मिळालं असेल. इकडे बळी जातो तो ग्राउंडवरचा पोरगा. त्याचं वय निघून जातं, आणि आपली जागा कुणी खाल्ली हे त्याला कळतही नाही.

म्हणून खेळाच्या कोट्याविरुद्ध बोलणाऱ्यांशी मी सहमत नाही. खेळात मेहनत आहे, तिला किंमत मिळालीच पाहिजे. पण पावणेदोनशे वर्षांचा हा इतिहास वाचून मला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात, आणि ते तुम्हीही विचारा. यादीतला खेळ खेळायला आपल्या पोरांना जागा आणि साधनं आहेत का? निवड मोजता येणाऱ्या कामगिरीवर होते, की एखाद्याच्या सहीवर? आणि ती सही खोटी निघाली तर तपासणारं कुणी आहे का?

पालकांना एवढंच सांगतो. पोरांना खेळू द्या, त्यांना आवडतो तो खेळ खेळू द्या. पण कुणी ‘खेळावर परदेशी ॲडमिशन फिक्स’ म्हणून पैसे मागत असेल तर आधी विचारा : कुठलं कॉलेज, कुठला संघ, कोच कोण, आणि गेल्या पाच वर्षांत तुम्ही पाठवलेली पोरं कुठे आहेत? उत्तर लेखी मागा. टाळाटाळ झाली तर समजून जा.

आणि आपल्या तालुक्यात क्रीडा कोट्यातून किती जण नोकरीला लागले, त्यांची प्रमाणपत्रं पडताळली गेली का, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवता येते. मी अर्ज टाकतोय. सोबत कुणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. ज्यांच्यावर अन्याय झालाय त्यांनीही कळवा, नाव गुप्त राहील.